इंग्लंडमधल्या जुन्या सराईचे वरचे मजले रस्त्यावर पुढे झुकलेले का दिसतात?

झुकलेले नाहीत, मुद्दाम पुढे काढलेले असतात. सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावची 'जॉर्ज इन' बघा. खालचा मजला दगडी, वरचे दोन लाकडी सांगाड्याचे, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे. वरच्या मजल्याची जमीन पेलणाऱ्या तुळया खालच्या भिंतीबाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करायची. टोकावर भार आला की तुळई मधोमध कमी वाकते, शिवाय वर जागा वाढते. अशा बांधकामात लाकडांमधली पोकळी बहुतेकदा चक्क कुडाने भरत: काठ्यांची वीण, त्यावर मातीचा लेप.

ही सराई मुळात जवळच्या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती साधूंचा पंथ) मठाची. तिथे लोकर आणि कापडाचे व्यापारी उतरत. १६८५ मध्ये राजा दुसरा जेम्स याच्याविरुद्ध झालेल्या बंडात त्याचा पुढारी ड्यूक ऑफ मॉनमथही इथे मुक्कामाला होता.