पी-व्हॅल्यूच्या जागी एनए का येतंय?

प्रश्न: सर, मी आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधला फुप्फुसाच्या कॅन्सरचा लंग डेटा घेऊन कॉक्स रिग्रेशन (कशामुळे मृत्यूचा धोका किती वाढतो-घटतो हे बघणारं मॉडेल) चालवतेय. पुरुष आणि स्त्री असे दोन वेगळे कॉलम बनवले, तर स्त्रीच्या ओळीत सगळीकडे एनए, म्हणजे आकडाच नाही. आणि वजन घटल्याचा कॉलम घालून नवं मॉडेल आधीच्या मॉडेलशी अनोव्हाने (मॉडेलांची तुलना करणाऱ्या टेस्टने) ताडून बघायला गेले तर टेस्टच येत नाही, एरर येते. पॅकेज बिघडलंय का?

उत्तर: नाही हो ताई, पॅकेज व्यवस्थित आहे. पुरुषचा कॉलम 1 असला की स्त्रीचा 0 असणारच, म्हणजे दुसऱ्या कॉलममध्ये नवी माहिती काहीच नाही. कॉक्स मॉडेलमध्ये इंटरसेप्ट (सगळ्यांना सारखा लागू होणारा स्थिर आकडा) नसतो म्हणून दोन्ही चालतील असं वाटतं खरं, पण तो स्थिर भाग बेसलाइन हॅझर्डमध्ये (सगळे कॉलम शून्य असतानाच्या मूळ धोक्यात) विरून जातो आणि मग एक कोइफिशंट (कॉलमचा परिणाम सांगणारा आकडा) काढताच येत नाही, तिथे एनए. एक कॉलम काढून टाका, किंवा सरळ मूळ सेक्स कॉलमच वापरा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती फार जणांच्या नजरेतून सुटते. लंगमध्ये 228 पेशंट आहेत, पण वजन घटल्याची नोंद 14 जणांची नाहीये, त्या ओळी आर गुपचूप वगळतं, म्हणजे दुसरं मॉडेल 214 वर बसतं आणि वेगवेगळ्या पेशंटांवरच्या मॉडेलांची तुलना होऊच शकत नाही. आधी वजन घटल्याची नोंद असलेल्या ओळी वेगळ्या काढा, मग दोन्ही मॉडेलं त्यांच्यावरच चालवा. जेवणातल्या कॅलरीचा कॉलम घालणार असाल तर जरा थांबा, तिथे 47 नोंदी नाहीत, एवढे पेशंट सोडायचे की मल्टिपल इम्प्युटेशन (नसलेल्या नोंदींच्या जागी अंदाजाने अनेकदा आकडे भरणं) करायचं हे गाइडशी बोलूनच ठरवा.