ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममध्ये वीस सैनिक वर्षभर तालीम करूनही दहा गॉब्लिनांपुढे टिकत नाहीत, चुकतंय कुठे?

तुम्ही लिहिलंय की दहा-दहांचे दोन स्क्वॉड, म्हणजे तुकड्या, आहेत, तालमीची बॅरॅक आहे, शेड्यूल 'कॉन्स्टंट ट्रेनिंग'वर, म्हणजे सतत तालमीवर आहे. तरी दहा गॉब्लिन, म्हणजे हल्लेखोर दैत्य, आले आणि दरवाजातच सगळे आडवे झाले. मी हा बुटक्या ड्वार्फांचा गड सांभाळायचा खेळ नुसत्या अक्षरांच्या फुकट आवृत्तीपासून खेळतोय. डिसेंबर २०२२ मध्ये तो स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, चित्रांसकट आला तेव्हा अर्धं पुन्हा शिकावं लागलं. असे वीस-वीस जण मीही पुरलेत, म्हणून सांगतो.

आधी मेलेल्यांपैकी एकाचा कॉम्बॅट रिपोर्ट, म्हणजे लढाईचा घावागणिक वृत्तांत, उघडा आणि शेवटचा घाव कुठे बसला ते बघा. माझ्या एका गडावर उरिस्ट नावाचा कमांडर होता. ड्वार्फांच्या भाषेत उरिस्ट म्हणजे खंजीर, आणि गडावर एखादा तरी उरिस्ट निघतोच. गड्याच्या अंगात छातीचं चिलखत, हातात पोलादी कुऱ्हाड, सगळं झकास. पायात मात्र कातडी बूट, कारण युनिफॉर्ममध्ये धातूचे बूट मी टाकलेच नव्हते. पहिल्याच घावात पाऊल गेलं, तो खाली पडला, आणि पडलेल्याच्या डोक्यावर मग तिघांनी हात साफ केले. तुमचेही बहुतेक असेच गेले असतील. शिरस्त्राण, छातीचं चिलखत, खाली साखळीचा अंगरखा, हातमोजे, मांडचिलखत, उंच बूट आणि ढाल, यातलं एकही वगळू नका. ढाल लाकडी असली तरी चालते, अडवायचं काम ती तितकंच करते. बाकी सगळं धातूचं हवं. पूर्ण लोखंडी चिलखतातले सहा जण अर्ध्या चिलखतातल्या वीस जणांपेक्षा भारी पडतात, हे मी पैजेवर सांगतो.

पोलाद जमलं तर उत्तमच. दोन कांड्या लोखंड, फ्लक्सचे दोन दगड आणि कोळसा लागतो. एका कांडीचं आधी पिग आयर्न, म्हणजे बिडाचं लोखंड, करायचं, मग ते दुसऱ्या कांडीबरोबर वितळवायचं, की पोलादाच्या दोन कांड्या हातात. फ्लक्स म्हणजे भट्टीत लोखंडाबरोबर टाकायचा दगड: चुनखडी, संगमरवर, डोलोमाइट वगैरे. कोळशाची चणचण असेल तर मॅग्मावरची भट्टी लावा, निदान भट्टी पेटवायचा कोळसा वाचतो. आणि गडाखाली लोखंडच नसेल तर? ते गॉब्लिन स्वतःच्या पायाने घेऊन येतात. त्यांचं आणि ड्वार्फचं माप एकच, त्यामुळे मेलेल्याचं चिलखत थेट अंगावर चढतं, नाहीतर वितळवा. खेळणारे या खनिजाला गमतीने 'गॉब्लिनाइट' म्हणतात. माझ्या एका गडाचं पहिलं चिलखत सगळं याच खाणीतलं होतं.

आता तालीम. तुमची खरी गोची इथे आहे असं मला वाटतं. दहा जणांच्या स्क्वॉडला 'किमान दहा जण' असा हुकूम असेल तर एक जण झोपलेला, दुसरा दारूच्या पिंपापाशी, आणि उरलेले आठ त्यांची वाट बघत उभे. सगळे जमलेच तर बहुतेक वेळा एक जण प्रात्यक्षिक दाखवतो आणि नऊ जण बघतात. वर्ष संपतं तरी कुणी धड लढलेलं नसतं. आपल्याकडे तालमीत वस्ताद काय करतो? बोलून किती शिकवणार, जोड लावतो. इथेही तेच करा. दोन-दोन, तीन-तीन जणांचे छोटे स्क्वॉड करा, नाहीतर शेड्यूलमध्ये किमान संख्या दोनवर आणा. मग ते एकमेकांशी खेळायला लागतात आणि कौशल्य भराभर वाढतं: हत्याराचं, ढालीचं, चिलखत पेलण्याचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. चिलखत पेलायची सवय नसलेला ड्वार्फ त्या वजनाखाली कासवासारखा चालतो. स्थलांतरितांमध्ये एखादा जुना लढवय्या आला तर त्याला नवख्यांच्या जोडीत टाका.

बॅरॅकच्या झोनवर, म्हणजे आखलेल्या जागेवर, त्या स्क्वॉडच्या नावापुढे 'ट्रेन' निवडलंय ना, तेही बघा. नुसता झोन आखला आणि स्क्वॉड जोडलाच नाही, ही चूक मी आजही करतो.

जुन्या व्हिडिओंत लाकडी भाल्यांच्या सापळ्यांची खोली दाखवतात. खटका ओढत राहायचं आणि आतल्या सैनिकांनी भाले अडवत तयार व्हायचं. मला तो प्रकार पटत नाही. ड्वार्फ आया तान्हं पोर कडेवर घेऊनच ड्यूटीवर जातात, मग भाले कुणाला लागतील याचा तुम्हीच विचार करा.

खाणकामगार, लाकूडतोडे आणि शिकारी यांना त्याच कामावर ठेवून सैन्यात घेऊ नका. त्यांच्या कामाचा एक वेगळाच युनिफॉर्म असतो आणि दोन्ही भांडतात. शत्रू दारात आणि आमचा जवान कुऱ्हाड खाली टाकून कुदळ शोधायला पळतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मात्र एक चोरवाट आहे. कुदळीने लढताना खाणकामाचंच कौशल्य मोजलं जातं. वर्षानुवर्षं डोंगर पोखरून लेजंडरी, म्हणजे कसलेला उस्ताद, झालेला कामगार खाणीतून काढा, युनिफॉर्ममध्ये हत्यार म्हणून कुदळ द्या, चिलखत चढवा. तालमीत न जाताही तो गॉब्लिनाची खांडोळी करतो.

आणि 'किल'चा, म्हणजे शत्रूवर चालून जायचा, हुकूम लांबून देऊ नका. हुकूम मिळाला की जो जवळ असेल तो आधी धावतो, हलक्या अंगाचा पुढे, जड चिलखताचा मागे. मोकळ्या माळावर गॉब्लिनांचे तिरंदाज त्यांना एकेक करून टिपतात. त्याऐवजी दरवाजाच्या आत, वळणाच्या मागे 'स्टेशन' करा, म्हणजे तिथे उभं राहायचा हुकूम द्या. सगळे जमले की उचलता पूल खाली सोडा आणि शत्रू वळून आला की मगच भिडू द्या. वळणामुळे बाणांना सरळ रेषाच मिळत नाही. ज्यांनी रायगडचा महादरवाजा पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

क्रॉसबोवाले, म्हणजे आडव्या यांत्रिक धनुष्याचे तिरंदाज, हवे असतील तर तटाच्या भिंतीत फॉर्टिफिकेशन, म्हणजे बाण सोडायच्या फटी, कोरून त्यांना मागे उभं करा. सरावाला हाडाचे किंवा लाकडी बोल्ट (क्रॉसबोचे बाण), लढाईला धातूचे. मोकळ्यात ठेवलेत तर बोल्ट संपले की ते क्रॉसबो लाठीसारखा फिरवत शत्रूवर धावतात. हे शौर्य आपल्याला परवडत नाही.

बारा महिने ड्यूटी मात्र नको. सतत तैनात राहिलं की ड्वार्फ कुरकुरतात, मंदिर नाही, टॅव्हर्न (दारूचा अड्डा) नाही, आणि वर प्रेतांचं दर्शन. शिस्तीचं कौशल्य कमी असलेला गडी रक्त बघून पळतोही. मी तीन छोट्या तुकड्या ठेवतो, दोन तालमीत, एक सुट्टीवर, आणि दर ऋतूला बदलतो. दारूचा साठा बॅरॅकच्या शेजारीच. पुढचा वेढा पडेपर्यंत एवढं करा, आणि तेव्हा पहिल्या जखमी गड्याचा रिपोर्ट इथे टाका. घाव कुठे बसला ते बघून पुढचं सांगतो.