तीन आठवड्यांच्या बाळाची जीभ खाली चिकटलेली आहे. सासूबाई म्हणतात, बोलायला उशीर होईल. जिभेखालचा पडदा आत्ताच कापून घ्यावा का?

बोलण्याच्या भीतीने आत्ता कापू नका. जिभेखालच्या पडद्यामुळे मूल उशिरा बोलत नाही. फार तर काही मुलांचे ल, र, ट असे उच्चार अडखळतात, आणि ते पुढे स्पीच थेरपिस्टला दाखवून ठरवता येतं.

आत्ता बघायचं ते दूध. बाळ स्तन नीट धरतं का, वजन वाढतंय का, पाजताना तुम्हाला दुखतं का, चिरा पडतात का? हे सगळं ठीक असेल तर पडद्याला हात लावायची गरज नाही. त्रास असेल तर आधी स्तनपान सल्लागाराकडून बाळाला धरण्याची पद्धत तपासून घ्या. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं, आणि हीच पायरी लोक गाळतात याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही जमलं नाही, तर डॉक्टर कात्रीने पडदा सोडवतात. काही सेकंदांचं काम, रक्ताचे थोडे थेंब, लगेच अंगावर पाजता येतं. जन्मानंतर बाळाला व्हिटॅमिन के (रक्त गोठायला लागणारं जीवनसत्त्व) दिलंय का आणि घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, हे आधी सांगा. मोठ्या मुलांना मात्र बहुधा भूल द्यावी लागते. घरी किंवा सुईणीकडून नखाने पडदा तोडणं अजिबात नको.