आखराची जागा कोणाची?

प्रश्न : आमचं गाव भिवापूर तालुक्यात. गावालगतच्या पडीत जमिनीवर आजवर ढोरं चरत आली. आता काही जण म्हणतात, सातबाऱ्यावर 'सरकार' लिहिलं आहे, तेव्हा गावाचा संबंध संपला. आजोबा मात्र 'ती जागा निस्तारात आहे' म्हणत. निस्तार म्हणजे काय? – एक वाचक

उत्तर : आजोबा नेमकं बोलत होते. मी ३१ वर्षं पटवारी (तलाठी) होतो. निस्तार म्हणजे गावाची रोजची नड भागणं : ढोरांना चारा, चुलीला काड्या, वखराला लाकूड, लिंपायला माती, तलावाचं पाणी.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं आणि पुढच्या बंदोबस्तात मालगुजाराला, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्याला, गावाचा मालक ठरवलं. वहिवाट मात्र गावाचीच राहिली, आणि ती 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहून ठेवली गेली. असा एक कागद मी नोकरीच्या सुरुवातीला रुमालातून (दप्तराच्या कापडी गाठोड्यातून) सोडला होता. कडा बोट लावताच भुरभुरायच्या. आत लिहिलं होतं : ढोरं कोणत्या धुऱ्यावरून (बांधावरून) तलावावर जातील, पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या खाचरात) सोडायचं. वाचताना मला लहानपणीचं आखर, म्हणजे गावची ढोरं गोळा करायची मोकळी जागा, दिसलं. गायकीची (गुराख्याची) हाक आली की दारादारातून ढोरं सुटायची, आखरावर गोळा व्हायची. गायकीला ढोरामागं वर्षाचं धान्य ठरलेलं असे, आणि दिवाळीतल्या गायगोधनाच्या दिवशी मान त्याचा.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ३१ मार्च १९५१ पासून गावचं गवतरान, झुडपी जंगल, तलाव सरकारजमा झाले. तुमच्या सातबाऱ्यावरचं 'सरकार' बहुधा तिथून आलं. पण तेवढ्यानं वहिवाट पुसली जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ प्रमाणे भोगवट्यात (कोणा खातेदाराच्या ताब्यात) नसलेल्या जमिनीचं निस्तार पत्रक जिल्हाधिकाऱ्यांनी करायचं असतं, तेही मसुदा गावात प्रसिद्ध करून, गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन. चराई, जळाऊ लाकूड, मुरूम, माती कोणी कशी घ्यायची ते त्यात येतं. वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये आजही आहे.

माझ्या एका साज्यात (पटवाऱ्याकडच्या गावांच्या हद्दीत) आखराचा तुकडा कोणीतरी नांगरून टाकला. गावकरी आले ते नुसता सातबारा घेऊन, आणि हात हलवत परत गेले. मला याचं फार वाईट वाटलं. मग निस्तार पत्रक काढलं, तर तो नंबर चराईला लावलेला. म्हाताऱ्या गायकीला सोबत घेऊन जागेवर जाऊन मोका पाहिला. ढोरं उभी राहायची ती जागा त्यानं काठीनं आखून दाखवली. तरी अतिक्रमण निघायला दोन पावसाळे गेले.

तेव्हा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा आणि निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज, दोन्हींची नक्कल मागा. नोंद 'झुडपी जंगल' अशी निघाली, तर सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२५ चा निकालही पाहा. त्यात अशा जमिनी वन मानल्या आहेत. गुरचराई निघाली, तर २०११ चा जगपाल सिंग प्रकरणाचा निकाल ग्रामसभेत वाचून दाखवा; गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढण्याचा आदेश त्यात आहे. आणि नकाशावर पांदण कुठून जाते तेही विचारून घ्या. आखरावरून चराईपर्यंतची ती वाट सगळ्यात आधी बुजते.