विंडसरला येताय? पार्ट्सबद्दल थोडं, आणि न विचारलेलं बरंच

कॅनडातल्या विंडसरला नोकरी मिळतेय, जुनी गाडी घेऊन नदीपलीकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉईटहून पार्ट आणत राहिलं तर खर्च आटोक्यात राहील का, आणि एकटं वाटतं का, असं विचारलंत. पीआर (कायम राहण्याचा परवाना), हेल्थ कार्ड वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

पार्ट पलीकडे बहुतेक वेळा स्वस्त पडतात. पण भाव अमेरिकन डॉलरमध्ये, त्यावर मिशिगनचा (डेट्रॉईटच्या राज्याचा) ६ टक्के सेल्स टॅक्स. त्याच दिवशी परत आलात तर कॅनडात काडीची सूट नाही, वर ऑन्टारिओचा (विंडसरच्या प्रांताचा) १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर. २४ तास राहिलात तर २०० कॅनेडियन डॉलरपर्यंतच्या मालावर माफ, ४८ तासांनंतर ८००. पण ब्रेक पॅडसाठी हॉटेलात कोण राहणार? ड्युटी पार्ट कुठे बनला यावर ठरते, म्हणून देशाचं नाव छापलेला खोका फेकू नका. टॅरिफच्या भांडणात दर बदलत असतात, ते निघण्याआधी बघा.

अल्टरनेटर, ब्रेकचा कॅलिपर अशा पार्टवर ‘कोअर’ म्हणून अनामत घेतात. जुना पार्ट नेऊन दिला तरच ती परत. म्हणजे गंजलेला, ग्रीसने माखलेला कॅलिपर पिशवीत बांधून पुन्हा बॉर्डरवर, आणि डिकीत काय आहे ते खिडकीतल्या अधिकाऱ्याला समजावत बसायचं. हेडलाइट तर आणूच नका. कॅनडात १९८९ च्या डिसेंबरपासून नव्या गाड्यांना दिवसाही पेटणारे दिवे सक्तीचे आहेत, अमेरिकेत नाहीत. दिसायला तोच पार्ट, जोडणी वेगळी निघू शकते. शिवाय गिऱ्हाइकाने आणलेला पार्ट बरेच गॅरेजवाले बसवत नाहीत. बसवला तर गॅरंटी देत नाहीत.

हे सगळं पलीकडे जाता आलं तर! कॅनडाचा पीआर असला तरी भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा लागतो. हे कुणी सांगत नाही, कारण सांगणारे बहुतेक सिटिझन झालेले असतात. शेजारी शनिवारी सकाळी नदीखालच्या बोगद्यातून डेट्रॉईटला जाणार, जेवायच्या वेळेला टायर घेऊन परत. आणि मी नुसत्या मुलाखतीच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने साइट उघडून बसायचो. तुमच्याकडे दहा वर्षांचा व्हिसा आधीच असेल, तर पासपोर्ट बदलला तरी जुना जपून ठेवा.

मुलांच्या शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. इथे इयत्ता जन्मवर्षावरून ठरते, तिकडे काय शिकून आलात त्यावरून नाही. माझी मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमातली, तरी तिला नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात बसवलं. पुस्तकं घडाघडा वाचायची. बाईंना तिचे उच्चार कळेनात, एवढंच. ती केव्हाच विसरून गेली. मला अजून राग येतो.

एकटेपणा? असतो, जातो. पण व्हिसा आल्यावर गाडीचं काही काम नसतानाही मी पलीकडे जायचो. काउंटरवरचा म्हातारा विचारायचा, कुठलं साल, कुठलं इंजिन, आवाज थंड असताना येतो की तापल्यावर, वळताना येतो का. आठवडाभरात दुसरं कुणी मला इतके प्रश्न विचारत नसे. वाचलेले पैसे टोलमध्ये जातात, हे बायकोने कागदावर मांडून दाखवलं. तरी जायचो.

तुम्ही पहिल्या वर्षी विंटर टायर इथेच घ्या, रिमसकट, म्हणजे दर मोसमात बदलायची मजुरी कमी लागते. आणि विमा कंपनीला लगेच कळवा; ऑन्टारिओत त्यांना त्यावर सूट द्यावीच लागते, पण ती आपण मागावी लागते.