दोन वर्षं पुण्यात, पदवी नागपुरात?

प्रश्न : पुण्यात बी.कॉम.ची दोन वर्षं झाली, ८४ क्रेडिट (विषय उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे श्रेयांक) जमा आहेत. आता नागपुरात बदली झाली आहे. उरलेलं एकच वर्ष इथे करता येईल का? (वाचक, मानेवाडा)

उत्तर : 'एकच वर्ष' हे गृहीत धरू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१च्या क्रेडिट बँक नियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. पदवी १२० क्रेडिटची असेल, तर बाहेरचे जास्तीत जास्त ६० चालतील; तुमचे २४ बहुधा वाया जातील. जे ६० चालतील, त्यांचाही इथल्या अभ्यासक्रमाशी विषयवार मेळ बसावा लागतो. नेमकं इथेच घोडं अडतं.

म्हणून फी विचारण्याआधी दोन्ही अभ्यासक्रम घेऊन कॉलेजात जा आणि कोणते विषय माफ होतील, हे लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल हो'वर प्रवेश घेऊ नका. डिजिलॉकरमधल्या एबीसी (म्हणजे याच क्रेडिट बँकेच्या) खात्यात सगळे क्रेडिट दिसतात ना, तेही पाहा. नसतील तर जुन्या कॉलेजकडून आधी चढवून घ्या, मगच स्थलांतर प्रमाणपत्र मागा. क्रेडिट साधारण सातच वर्षं टिकतात.

नोकरीमुळे रोज वर्गाला जाणं जमणार नसेल, तर मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू बघा. दोघांची विभागीय केंद्रं नागपुरात आहेत.