गाळ्यात व्यसनमुक्ती केंद्र येतंय, स्टे मिळेल का?

प्रश्न : मुलुंड पूर्वेला आमची 46 सभासदांची सोसायटी आहे, मी सेक्रेटरी. तळमजल्याच्या गाळ्यातली बँक गेल्यावर मालकाने तो एका मनोविकारतज्ज्ञांना भाड्याने दिला. ते तिथे व्यसनमुक्तीचं क्लिनिक काढणार आणि मागच्या भागात दहा खाटा टाकणार. इमारतीत बायकामुलं आहेत, समोर क्लासेस आहेत, फ्लॅटचे भाव पडतील ते वेगळंच. विशेष सभेत 41 जणांच्या सह्यांनी विरोधाचा ठराव झाला. गेटवर फलक लावलाय, वॉचमनलाही लेखी सूचना दिली आहे. कोर्टातून स्टे मिळेल का?

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, स्टेचं नंतर बघू, आधी फलक. तुम्ही फोटो पाठवलात ते बरं केलंत. ‘व्यसनी व गर्दुल्ल्यांना या गेटमधून सक्त मनाई. आदेशावरून.’ हा फलक आज संध्याकाळपर्यंत उतरवा. गाळ्याची वाट त्याच गेटमधून आहे. वॉचमनने उद्या एखाद्या पेशंटला अडवलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 126 लागतं, अन्यायाने अडवणूक. पोलीस वॉचमनला विचारतील, कोणी सांगितलं? तो तुमच्या सहीचा कागद पुढे करेल. बिचाऱ्याने दुसरं काय करावं!

आता त्या 41 सह्या. सोसायटीची सभा पार्किंगवर, गच्चीवर, मेंटेनन्सवर ठराव करू शकते. कोणत्या आजाराचा माणूस इमारतीत उपचाराला यावा, हा सभेचा विषयच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. त्याच कायद्याचं कलम 21 म्हणतं, या रुग्णांना शारीरिक आजाराच्या रुग्णांसारखीच वागणूक मिळाली पाहिजे. डायलिसिस सेंटर आलं असतं तर सभा बोलावली असतीत का, हे पहिल्याच तारखेला समोरचा वकील विचारणार. भाव पडण्याच्या भीतीवर आजवर कोणाला स्टे मिळालेला मी तरी पाहिला नाही.

गंमत बघा, वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायला आपल्या राज्यात ‘आडवी बाटली’चं मतदान मागता येतं. त्यासाठी मतदारांच्या सह्या लागतात, तिथे तुमच्या 41 कामी आल्या असत्या. दवाखान्यासाठी आडवी बाटली नाही.

म्हणजे तुमच्या हातात काहीच नाही का? आहे, पण ते पेशंटच्या विरोधात नाही, जागेच्या वापराबाबत आहे. इथे ओपीडी आणि खाटा वेगळ्या करा. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ पेशंट तपासले, समुपदेशन केलं, तर तो दवाखाना. व्यापारी गाळ्यात दवाखान्याला विरोध करून वेळ आणि वर्गणी दोन्ही घालवू नका. माणसं रात्री मुक्कामाला ठेवली की चित्र पालटतं. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 65 प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, ती नसताना केंद्र चालवलं तर पहिल्या खेपेलाच 5 हजार ते 50 हजारांचा दंड. मंजूर नकाशात गाळ्यापुढे ‘दुकान’ किंवा ‘बँक’ लिहिलं असेल, तर तिथे खाटा टाकायला महापालिकेची वापरबदलाची परवानगी हवी. ते टी वॉर्डात विचारा. अग्निशमन दलाचा कागद वेगळा.

तुमच्या दुसऱ्या फोटोत मागच्या खिडक्यांना जाड ग्रिल बसवताना वेल्डर दिसतोय आणि मागच्या दाराला बाहेरून कडी आहे. मला काळजी वाटली ती इथे. दहा माणसं आत, त्यांतली काही गुंगीच्या औषधावर, आणि मागची वाट बाहेरून बंद. रात्री शॉर्ट सर्किट झालं तर? धूर पहिल्या मजल्यावर तुमच्याच घरांत शिरणार. शिवाय राजीखुशीने दाखल झालेल्या पेशंटला असं कोंडून ठेवता येत नाही. साखळीने बांधण्याला तर कलम 95 ने साफ बंदी आहे. केंद्र सुरू झाल्यावर असलं काही दिसलं तर कलम 68 खाली कोणीही प्राधिकरणाकडे तक्रार करू शकतं, शेजारीसुद्धा. तुमच्या ठरावापेक्षा या तक्रारीला जास्त धार आहे.

स्टेचं स्पष्ट सांगते. गाळेमालक सभासदाशी वाद म्हणून तुम्ही महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाल. तिथे ‘असं होईल, तसं होईल’ चालत नाही. परवानगीविना खाटा पडल्या किंवा सामायिक पॅसेजमध्ये जनरेटर ठेवला, तर दाखवायला काहीतरी असेल. आज तुमच्याकडे फक्त भीती आहे.

म्हणून या आठवड्यात गाळेमालकाला रजिस्टर्ड एडीने पत्र द्या आणि प्रत डॉक्टरांना. नोंदणीचा अर्ज, वापरबदलाची परवानगी, अग्निशमनाचा कागद, वैद्यकीय कचरा कोण आणि कधी उचलणार याचा करार, रात्री जबाबदार माणूस कोण, एवढं मागा. पत्रात ‘गर्दुल्ले’ हा शब्द नको. डॉक्टरांना सोसायटीच्या ऑफिसात चहाला बोलवा. ग्रिलचं त्यांना तोंडावर विचारा, बहुधा ती घाई कंत्राटदाराचीच असेल. दहा खाटांचा आग्रह सोडून ते फक्त ओपीडीवर यायला तयार झाले, तर ते लेखी घ्या आणि विरोधाचा ठराव पुढच्या सभेत रीतसर मागे घ्या.

फलक उतरवल्यावर रिकाम्या गेटचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट. वॉचमनला दिलेली सूचना रद्द केल्याचं पत्रही त्याच दिवशीचं असू द्या.